बाईसाहेबांचं उजवं मडगार्ड

९ जानेवारी

बारक्या,

आशीर्वाद वगैरे आहेतच, ते धरून चाल. फोन करणार होते, पण फोनवर तू "हं" म्हणतोस, मी रडायला लागते आणि तुझे दाजी तिकडे टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून पत्र. निदान तुझं ते "हं" ऐकावं लागत नाही.

कामाचं आधी सांगते. बाईसाहेब चालल्या. हो, आपल्याच, शेडमधल्या, लाल. तिचे मालक, दातांचे डॉक्टर, आता थकलेत आणि त्यांच्या मुलांना जुन्या गाडीची हौस नाही. तिकडे इटलीतल्या एका संग्रहालयाला ती हवी आहे, म्हणजे जिथे जन्मली तिथेच परत निघाली. एप्रिलमध्ये तिकडून एक तज्ज्ञ येणार आहे. कोणता पत्रा मूळचा, कोणता नंतरचा, कुठे कोणाचा हात लागलाय, सगळं तपासणार. तोवर ती पुरी व्हायला हवी. सीटा माझ्याकडून शिवून झाल्यात आणि स्वतःच्या तोंडाने सांगते, झकास झाल्यात. दरवाजे तेवढे राहिलेत. डावा खाली घासतो आणि बाबांना एकट्याला तो पेलवत नाही.

तर तू ये. आठवडाभर काढ. बाबा बरे आहेत. थोडं विसरतात, पण या वयात कोण विसरत नाही? तुझे दाजी तर लग्नाआधीपासून विसरतायत.

बाबांनी बोलावलंय असं लिहिणार होते, पण तुला खोटं लगेच कळतं. त्यांनी बोलावलेलं नाही. मी बोलावतेय.

तुझी ताई


२ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, औषधाच्या बाटलीवरची सूचना! "बिजागरीखाली पातळ पत्री घाला. वरचा बोल्ट आधी आवळा, खालचा नंतर." बाप कसा आहे हे विचारायला शाई संपली होती का रे? तू लिहिलंस तसं केलं आणि दरवाजा पहिल्या फटक्यात बसला. त्याचा मला आणखीच राग आला.

आता खरं लिहिते. मागच्या पत्रातलं "थोडं विसरतात" हे थोडं नाही. हातात हातोडी असते आणि मला विचारतात, "हातोडी कुठे ठेवलीस?" शर्ट उलटा घालून शेडमध्ये जातात. परवा मला म्हणाले, "आईला सांग, आज जेवायला उशीर होईल." मी "बरं" म्हटलं. काय म्हणणार होते? पहिल्यांदा विचारलं होतं तेव्हा मी खरं सांगितलं होतं. तेव्हा त्यांनी भिंतीला टेकून असा काही श्वास घेतला की जणू आई त्याच क्षणी गेली. तेव्हापासून आई घरात आहे, बाजारात गेलीय, शेजारी बसलीय, जिथे म्हणतील तिथे आहे.

मोठ्या इस्पितळात दाखवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, हे मागे फिरत नाही. आहे ते जपा, आणि ज्यांना भेटायचंय त्यांनी आता भेटून घ्या. मी विचारलं, आता म्हणजे कधी? त्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला.

म्हणून तुला बोलावलं होतं. दरवाजा हे निमित्त. ते तुला ओळखतायत तोवर ये, बाकी मला काही नको.

एक गोष्ट मात्र त्यांना अजून तोंडपाठ आहे, ती बाईसाहेबांची. मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा उभं करून ऐकवतात. कारखान्याने अशा मोजक्याच गाड्या शर्यतीसाठी काढल्या. इंजिन कारखान्याचं, पण अंगावरचा अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकला दोन भावांनी, एका पडक्या शेडमध्ये, हाताने. त्या दोघांचं बोलणं बंद होतं. एकाने डावी बाजू ठोकली, दुसऱ्याने उजवी, आणि पलीकडे काय चाललंय ते कोणी वाकून बघितलं नाही. म्हणून बाईसाहेबांचं उजवं मडगार्ड डाव्यापेक्षा जरासं फुगलेलं आहे. भाऊ भांडले होते हे बाबांना कोणी सांगितलं देव जाणे. मला वाटतं, त्यांनी पत्र्यावर हात फिरवून ते स्वतःच ठरवलं असावं.

मग ती शर्यतीत धावली आणि अर्ध्यात धुराने गुदमरून बंद पडली. मग एका गवयाने घेतली, पण त्याचं पोट आणि स्टिअरिंग यांचं काही जमेना. इथे बाबा थांबतात, ऐकणाऱ्याने हसायचं असतं. मग जहाजातून इकडे. दातांच्या डॉक्टरांच्या वडिलांनी ती हौसेने घेतली, हौस फिटल्यावर कोंबड्यांच्या खुराड्यामागे लावली, आणि ती आपल्याकडे आली तेव्हा सीटमध्ये अंडी होती. तुला आठवतं ना, तू त्यातलं एक खिशात घालून झोपलास आणि सकाळी आईने तुला झोडपलं होतं?

तर ही गोष्ट ते विसरत नाहीत. पण गेल्या आठवड्यात दातांचे डॉक्टर आले होते, त्यांना सांगताना बाबा म्हणाले, "गवयाला दोन मुलं होती. मुलगी सीटा शिवायची. मुलाचा हात फार चांगला होता." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी कपबशा उचलल्या आणि आत गेले.

ये रे.

ताई


११ मार्च

बारक्या,

तू लिहितोस, "मला बघून त्यांना त्रास होईल." त्रास कोणाला होईल ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. उगाच बाबांच्या खांद्यावर बंदूक ठेवू नकोस.

मला तो दिवस पुन्हा उकरायचा नव्हता. पण आता तू काढलासच, तर माझंही ऐक. आई इस्पितळात होती, बाबा तिच्या उशाशी. तुला वाटलं, ते येईपर्यंत उजवं मडगार्ड डाव्यासारखं करून ठेवावं, खूश होतील. पुठ्ठ्याचा साचा कापून, मोजून मापून, दोन्ही बाजू अगदी सारख्या केल्यास. काम देखणं होतं, मी बघितलंय. बाबा आले, पत्र्यावर पातळ फडकं टाकलं, डोळे मिटून वरून तळवा फिरवला आणि तुझ्या हातातून हातोडी काढून घेतली. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या दोघा भावांतल्या एकाचा हात तू पुसून टाकलास, आणि बाबांच्या लेखी तो माणूस त्या दिवशी मेला. नेमकी त्याच आठवड्यात आईही गेली. कोणाचा राग कोणावर निघाला, हे मला आजही सांगता येणार नाही. तू बॅग भरलीस. मी दारात उभी राहून दोघांकडे बघत होते, आणि दोघांपैकी कोणी माझ्याकडे बघेना.

त्यानंतर बाबांनी ते मडगार्ड आठवणीतून परत फुगवलं. साबण चोळायचा, आच द्यायची, साबण काळा पडला की आच काढायची, आणि मऊ झालेला पत्रा वाळूच्या पिशवीवर हळूहळू ठोकायचा. वर्षं गेली त्यात. दातांच्या डॉक्टरांना त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं होतं. ते म्हणाले, घ्या हवा तेवढा वेळ.

आता ऐक काय झालंय ते. गेल्या सोमवारी मी शेडमध्ये गेले तर ठकठक चालली होती. बाबा उजव्या मडगार्डवर वाकलेले. मला म्हणाले, "बघ गं, कोण्या गाढवाने हे फुगवून ठेवलंय. दोन्ही बाजू सारख्या नकोत?"

मी म्हटलं, "बाबा, ते तसंच आहे, तिकडच्या भावाने केलंय." म्हणाले, "कोण भाऊ?"

गवई आठवतो, त्याचं पोट आठवतं, कोंबड्या आठवतात. भाऊच तेवढे गेले.

मी हातोड्या लपवल्या. ते मुठीने ठोकायला लागले. मुठी सुजल्या, तेव्हा मीच हातोड्या आणून दिल्या. शेडला कुलूप घातलं तर दारापाशी बसून राहिले, कोणीतरी येऊन उघडेल म्हणून. तेही मला बघवेना. तुझ्या दाजींनी त्यांना फिरायला नेलं, तर अर्ध्या वाटेतून परत आले, काम पडलंय म्हणून. दातांच्या डॉक्टरांना मी रडतच फोन केला की गाडी आजच्या आज उचलून न्या. ते आले, बाबांना काम करताना दारातून बघत बराच वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, "ते जे ठोकतायत ते त्यांनीच बनवलेलं आहे, बाई. मी कोणत्या तोंडाने थांबवू?" आणि गेले. शहाणा माणूस आहे, पण शहाण्या माणसांचाही कधीकधी काय उपयोग असतो!

तू थांबवू शकशील. मला सारखं वाटतं, तू नुसता समोर उभा राहिलास तर त्यांना सगळं आठवेल. चुकीचं असेल, वेडेपणा असेल. काल त्यांनी तुझं नाव घेतलं होतं. हातोडी हातात धरून म्हणाले, "बारक्याला दाखवायला हवं." काय दाखवायला हवं ते काही बोलले नाहीत.

पत्रा ताणून ताणून कागदासारखा झालाय. रोज थोडा जातोय. मी रोज बघतेय.

ताई


१८ एप्रिल

बारक्या,

तू तिकीट काढून रद्द केलंस हे मला तुझ्या बायकोकडून कळलं. तिच्यावर चिडू नकोस, तिला राहवलं नाही म्हणून तिने सांगितलं. मीही चिडणार नाही. मला आता चिडायचाच कंटाळा आलाय.

तज्ज्ञ येऊन गेला. म्हातारा होता, नीटनेटका, बरोबर दुभाषी मुलगी. मी मनात त्याला आधीच शिव्या देऊन ठेवल्या होत्या, त्या सगळ्या फुकट गेल्या. माणूस भला निघाला. गाडीला हात लावायच्या आधी बाबांना लवून नमस्कार केला. डावी बाजू बघताना त्याचे डोळे भरून आले. माझ्या सीटवर त्याने बोटाने टाक्यांची ओळ चाचपली आणि मान डोलावली. मग उजवीकडे आला आणि थांबला.

बाबा म्हणाले, "सारखं केलंय. दोन्ही बाजू बघून घ्या."

दुभाषी मुलीने ते सांगितलं. म्हाताऱ्याने वही काढली. मग त्याने गाडीची सगळी हकीकत विचारली, कोणाकडून कोणाकडे गेली, कोणी काय केलं. बाबा अगदी खुलले. शर्यत सांगितली, गवई सांगितला, पोटाशी थांबले, म्हाताराही हसला. पुढे म्हणाले, "मग गवयाचा मुलगा हिला घेऊन गेला."

मुलीने विचारलं, "कुठे?"

"रागावून गेला. मी थांब म्हणणार होतो, पण माझ्या तोंडात रिबिटा होत्या. पत्रा जोडायचे खिळे, काम करताना तोंडात धरतो आम्ही. काढून हातात घेईपर्यंत तो फाटकाबाहेर."

बारक्या, त्या मुलीने हे सगळं त्याला सांगितलं आणि त्याने लिहून घेतलं. गंभीरपणे विचारलंसुद्धा, मुलाचं नाव काय, कोणत्या साली, गाडी परत कधी आली. बाबा विचारात पडले. म्हणाले, "गाडी आली परत. तो नाही आला." मी मध्ये पडून सांगायला हवं होतं की हे गाडीचं नाही. माझ्या तोंडात तर रिबिटाही नव्हत्या, पण शब्द फुटला नाही. म्हणजे आता इटलीतल्या कुठल्याशा कपाटात, बाईसाहेबांच्या इतिहासात, तू आहेस.

मडगार्डबद्दल त्याने बाहेर येऊन सांगितलं. ते गाडीवर ठेवता येणार नाही, पत्रा पार पातळ झालाय, रस्त्यावर आलं तर वाऱ्याने फाटेल. तिकडे जुन्या फोटोंवरून नवं करतील. फुगलेलं करतील, मूळ होतं तसं. गाडी घेणार, ते मडगार्ड सोडून. सोडवलेला पत्रा नेण्याचा त्यांना हक्क होता, पण तो म्हणाला, हे यांचं काम आहे, यांच्याकडे राहू दे.

ट्रक आला तेव्हा बाबांना मी घरात बसवलं होतं. ते आपणहून बाहेर आले. गाडी दोरांनी वर चढत होती, त्यांनी बघितली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "छान आहे. कोणाची?"

तू म्हणशील, ताई, मग काय झालं, सुटले बिचारे. मीही तसंच म्हणून बघितलं. शेड रिकामी आहे, मधोमध टेबलावर ते मडगार्ड. आणि मागच्या रविवारी मी आपला जुना फोटो दाखवला, तू, मी आणि आई. आईला ओळखलं. मला "ही आमची" म्हणाले. तुझ्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून कसनुसं हसले, परक्याच्या घरी नाव विसरल्यावर हसतात तसं.

म्हणजे आता घाई नाही. ये किंवा येऊ नकोस. मला जे लिहायचं होतं ते लिहून झालं.

ताई


३० मे

बारक्या,

तू सकाळी न सांगता गेलास. अंथरुणाची घडी घालून गेलास, हे मात्र आईचं वळण. मी तुला बोल लावायला लिहीत नाहीये. तू आलास, यातच मी भरून पावले. तुझे दाजी बसस्टॉपपर्यंत मागे धावले, पण त्यांचं धावणं तुला माहीत आहे.

तू नळाशी तोंड धूत उभा होतास, म्हणून नंतरचं तुला माहीत नाही. ते सांगायलाच हे पत्र. आधी जे झालं तेही लिहिते, कारण मी दारात होते आणि तुला पाठमोरा बघत होते. तुझ्या बाजूने ते कसं दिसलं कोणास ठाऊक.

तू शेडमध्ये आलास तेव्हा त्यांना वाटलं, कामाला माणूस आलाय. तू "बाबा" म्हणालास. आता सगळेच त्यांना बाबा म्हणतात, दूधवालासुद्धा. त्यांनी तुला खालून वर बघितलं आणि ते मडगार्ड पुढे सरकवलं. हातोडी दिली. आणि पाठ फिरवून स्टुलावर बसले. नव्या माणसाची परीक्षा ते नेहमी अशीच घ्यायचे, हात बघायचे नाहीत, नुसता आवाज ऐकायचे. तुला मी विचारलं नाही, पण तू ठोकायला लागलास तेव्हा तुला दिसत तरी होतं का? माझ्या डोळ्यांसमोर तर सगळं पुसट झालं होतं. तू फुगवत होतास. त्या पातळ पत्र्यात फुगवायला काही उरलं नव्हतं, तरी तू अलगद, कडेकडेने पत्रा मध्ये आणत होतास. आणि बाबा पाठमोरे, मान हलवत. एकदा म्हणाले, "हळू. घाई कोणाला आहे?"

मग उठले, फडकं टाकलं, डोळे मिटले, तळवा फिरवला. किती वेळ फिरवत होते! मला वाटलं, आता. आता आठवेल. तुलाही वाटलं असणार, तुझी मान बघून मला कळलं.

"हात चांगला आहे," म्हणाले. "घरी कोण कोण असतं?"

तू हातोडी टेबलावर ठेवलीस.

"वडील आहेत?"

तू म्हणालास, "आहेत."

"विचारून आलास ना त्यांना? नाहीतर उद्या येतील माझ्याशी भांडत. मला तरणीताठी पोरं बापाला न विचारता आलेली चालत नाहीत."

तू बाहेर गेलास ते इथे. मी तुझ्या मागे येणार होते, पण बाबांनी मला हाक मारली. एवढासा चेहरा झाला होता त्यांचा. म्हणाले, "मी काही वावगं बोललो का गं? चांगला पोरगा होता."

मी म्हटलं, "नाही बाबा. वडिलांना विचारायला गेलाय."

तोंडातून निघून गेलं. दुसरं काय सांगणार होते? पण त्यांना ते पटलं. आणि बारक्या, आईचं विसरतात, जेवल्याचं विसरतात, मला कधीकधी "अहो बाई" म्हणतात, पण हे विसरत नाहीत. का ते मला विचारू नकोस, डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. रोज सकाळी शेड उघडून घेतात, दुसरं स्टूल पुसून ठेवतात आणि मला विचारतात, "आला का गं तो?" मी म्हणते, वडिलांना विचारायला गेलाय, येईल. त्यावर म्हणतात, "असू दे, असू दे. बाप माणूस आहे, हो म्हणायला वेळ लागतोच."

तू परत येऊन त्यांचा बारक्या होशील, असं मी आता म्हणत नाही. ते माझ्या हातात नाही, तुझ्याही नाही. कारागीर म्हणून येशील का, तेही तुझं तू ठरव. पण आज त्यांनी नवीनच विचारलं आणि मला उत्तर सुचेना, म्हणून तुला लिहायला बसले. माझा हात धरला, अगदी खालच्या आवाजात, कोणी ऐकू नये असा, म्हणाले, "हो म्हणेल ना गं त्याचा बाप?"

काय सांगू त्यांना?

ताई